सितैन की तिसैन?

पहिल्या शनिवारी मी फळ्यावर एकच ओळ लिहिली: 'माहे जमादिलाखर, सन इहिदे सितैन मया व अलफ.' समोर एम. ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाची चौदा मुलंमुली बसली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयातला हस्तलिखितांचा विभाग, दोन लांब टेबलं, बाजूला कापडात बांधलेली दफ्तरं. मी विचारलं, "ही ओळ कुठल्या भाषेतली?"

एक जण म्हणाला उर्दू, एक म्हणाली फारसी. तिसऱ्याने जरा भीत भीत विचारलं, "सर, कुराणातली आहे का?"

मी म्हणालो, "ही मराठी आहे. पेशव्यांच्या दफ्तरातला कारकून कागदाच्या शेवटी तारीख अशीच घालायचा. बहुधा तो ब्राह्मण असायचा, मोडीत लिहायचा आणि महिने मोजायचा मोहरम, सफर, रमजान असे."

वर्ग शांत झाला. त्या चौदांत दोन मुलं मुसलमान होती. इतरांइतकंच त्यांनाही आश्चर्य वाटलं होतं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहासाचा प्राध्यापक नाही. पुराभिलेख खात्याचे मोडी प्रशिक्षण वर्ग असतात, त्यात काही वर्षांपूर्वी हौसेने मोडी शिकलो. विद्यापीठातल्या विभागप्रमुख बाईंना हे कुठून तरी कळलं. त्यांचा फोन आला: "आमची मुलं प्रबंधिका लिहितात, पण सगळा मजकूर छापील पुस्तकांतून उचलतात. मूळ कागदाला हात लावायला घाबरतात. मोडी शिकवणारे एक गृहस्थ आहेत, पण कागदात अरबी-फारसी शब्द आले की तेही थांबतात. तुम्ही आठ शनिवार याल का?" मी गेलो. त्या आठ शनिवारांत मुलं काय शिकली, आणि त्याहून जास्त मी काय शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी फळ्यावरची ओळ सोडवू. अरबीत इहदा म्हणजे एक. सित्तीन म्हणजे साठ, मराठी कारकुनाच्या हातून त्याचं 'सितैन' झालं. मिअत म्हणजे शंभर, त्याचं 'मया'. अल्फ म्हणजे हजार. एक, साठ, शंभर, हजार: ११६१. हा शुहूर सन. इसवी सन काढायचा तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. मृग नक्षत्रापासून, म्हणजे साधारण जूनच्या सुरुवातीपासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. त्या वर्षी जमादिलाखर जानेवारीत सुरू झाला. ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१. जानेवारी १७६१!

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पानिपत!"

बरोबर. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस मराठी कागदांत जमादिलाखर महिन्यात पडतो. ज्या लढाईला आज सर्रास 'हिंदू विरुद्ध मुसलमान' असं नाव दिलं जातं, तिच्या आधीची आणि नंतरची मराठी पत्रं मुसलमानी महिन्यांच्या तारखा वापरतात. तारखेच्या आधी 'छ' असं अक्षर असतं. छ म्हणजे चंद्र, चांद्र तारखेची खूण.

हा शुहूर सन मला फार आवडतो. हिजरी ७४५ मध्ये, म्हणजे इसवी सन १३४४ मध्ये, महंमद तुघलकाच्या काळात तो सुरू झाला असं मानतात. हिजरी वर्ष चांद्र, त्यामुळे ते ऋतूंतून सरकत राहतं. रमजान कधी पावसाळ्यात येतो, कधी उन्हाळ्यात. शेतसारा मात्र पीक आल्यावरच वसूल होतो. म्हणून आकडे हिजरीचे घेतले आणि वर्ष सूर्याला बांधलं. वर्षाचा आरंभ ठरला मृगाला. शेतकरी त्याला मृगसाल म्हणायचा. अरबी आकडा आणि पेरणीचं नक्षत्र अशी ही जोडी शेकडो वर्षं या मातीत चालली.

पण कागदावर काम करायचं शिक्षण तारखेपासून सुरू होत नाही, हातापासून होतं. पहिला तास आम्ही त्यातच घालवला. हात धुऊन, कोरडे करून यायचं. टेबलावर पाण्याची बाटली नको, चहा नको. पेन खिशातच राहील, टिपणं फक्त शिसपेन्सिलीने. रुमाल म्हणजे दफ्तर बांधायचं कापड. तो सोडताना कागद ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत ठेवायचे, कारण क्रम हासुद्धा पुरावा असतो. दोन कागद एकत्र बांधलेले असतील तर ते बांधणाऱ्याला त्यांचा काही संबंध दिसला असणार. मोबाइलने फोटो काढायचा तर आधी ग्रंथपालांची परवानगी, आणि फ्लॅश बंद. फोटोआधी वहीत रुमालाचा क्रमांक आणि कागदाचा क्रमांक लिहायचा. हे न केल्यामुळे मुलांच्या मोबाइलमध्ये शेकडो फोटो पडून राहतात आणि कुठला कागद कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही.

मग वाचन. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे मूळ अक्षर जसंच्या तसं, चुकीसकट. वाचता आलं नाही तिथे टिंबं. उजवीकडे आपल्याला लागलेला अर्थ. या दोन रकान्यांची सरमिसळ करायची नाही. मुलांना हे सगळ्यांत जड गेलं. दोन अक्षरं ओळखली की पुढची चार त्यांना 'दिसायला' लागतात, कारण तिथे काय असावं हे मनात आधीच ठरलेलं असतं.

मोडीत हा धोका मोठा असतो. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता झरझर लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. मी मुलांना शिकस्त लिपीतला एक फारसी कागद शेजारी ठेवून दाखवला. शिकस्त म्हणजे मोडलेली, तुटलेली. नस्तालीक घाईने लिहिताना तिची मोडतोड झाली, नुक्ते गळाले, न जोडायची अक्षरं जोडली गेली. मोडी या नावाचाही अर्थ लोक तसाच लावतात: मोडून लिहिलेली. दोन्ही कारकुनांच्या लिप्या. दोन्ही लिहिणाऱ्यासाठी सोप्या, वाचणाऱ्यासाठी अवघड. दोन्हींत अक्षर ओळखण्याआधी शब्द माहीत असावा लागतो.

म्हणूनच एका भाषेच्या माणसाचं इथे भागत नाही. फिरिश्ता सांगतो की विजापूरच्या पहिल्या इब्राहीम आदिलशहाने, म्हणजे १५३४ ते १५५८ या काळात, हिशेबाचे कागद फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे गेलं. आदिलशाही फर्मानांत कित्येक दुभाषी आहेत: वर फारसी, खाली तोच मजकूर मोडी मराठीत. शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या मराठी पत्रांचा मायना 'अज रख्तखाने' असा फारसीतच आहे. पुढे महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही शंभर वर्षांनंतरच्या पेशवाईतल्या कागदावर शेवटी 'मोर्तब सुद' असा शिक्का बसतोच. मुरत्तब शुद, म्हणजे तयार झाला, पुरा झाला. हे फारसी वाक्य आहे. आपण ते मराठीच समजतो, आणि ते मराठीच आहे.

आपल्या आधीच्या पिढ्यांतल्या संशोधकांना हे पक्कं ठाऊक होतं. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन हे कवी म्हणून माहीत असतात, पण ते फारसीचे प्राध्यापक होते. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला, तो आजही कागद वाचणाऱ्याच्या हाताशी असतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी फारसी शिकून 'ऐतिहासिक फारसी साहित्य' या मालेचे खंड काढले. त्यांचंच 'संशोधकाचा मित्र' हे पुस्तक नवशिक्याला कागदांच्या कामाची हत्यारं हातात देतं. सेतुमाधवराव पगडींनी भीमसेन सक्सेनासारख्या मोगल काळातल्या लेखकांचा फारसी मजकूर मराठीत आणला. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. त्यांची आणि जदुनाथ सरकारांची दोस्ती जवळपास अर्धशतक टिकली. एकाची हुकमत मराठी कागदांवर, दुसऱ्याची फारसीवर. दोघांना एकमेकांची गरज होती आणि ती कबूल करायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

ही नावं मी वर्गात घेतली तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, यात मुस्लिम संशोधक का नाहीत?"

प्रश्न खरा होता. मी एक नाव सांगितलं आणि त्यावर पुढे येतो. पण उत्तराचा दुसरा भाग आपल्या समाजाला टोचणारा आहे. आपण उर्दू जपली, मोडीकडे पाठ फिरवली. मोडी म्हणजे कुलकर्ण्याची लिपी, आपल्याला काय करायचंय तिचं? मराठी हिंदू समाजाने मोडी शाळेतून जाऊ दिली आणि फारसी त्याआधीच सोडली. ती म्हणजे 'त्यांची' भाषा. दोघांनी आपापली अर्धी किल्ली ठेवली आणि उरलेली अर्धी टाकून दिली. कुलूप मात्र दोन्हींशिवाय उघडत नाही. गावचा मुलाणा, कसब्याचा काझी, दर्ग्याचा मुजावर, मशिदीचा खतीब यांची वतनं, तंटे, इनामं यांचे पेशवाईतले कागद मोडीत आहेत. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं आणि इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. त्या चौकशीचे कागदही पुण्याच्या दफ्तरात आहेत. आपला इतिहास शोधायला आपण दिल्ली-लखनौकडे बघतो. तो पुण्यात रुमालात बांधून ठेवलेला आहे.

आता माझ्या चुकीची गोष्ट.

पाचव्या शनिवारी दोन मुसलमान मुलांपैकी एकाने पिशवीतून एक कागद काढला. त्याचं नाव इथे देत नाही. घरच्या पेटीत होता, म्हणाला. चाचांची परवानगी घेऊन आणला होता. घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते की ही आलमगीर बादशहाने त्यांच्या पूर्वजांना दिलेली जमिनीची सनद. कागद घडीवर फाटला होता, फाटलेल्या जागी कुणीतरी सेलोटेप लावली होती आणि टेपखाली कागद तपकिरी पडला होता.

पहिली नजर टाकताच कळलं की कागद मोडीत आहे, म्हणजे आलमगीरची सनद नव्हे. मुलाचा चेहरा उतरला. मी त्याला धीर द्यायच्या घाईत होतो. 'माधवराव पंडित प्रधान' हे शब्द स्पष्ट होते. शेवटी रमजान महिना, आणि सन. मी मोठ्याने वाचला: "खमस सितैन मया व अलफ. पाच, साठ, शंभर, हजार. ११६५. रमजान वर्षाच्या उत्तरार्धात येतो, म्हणून ६०० मिळवा. १७६५. थोरल्या माधवरावांची सनद!" माधवराव १७६१ ते १७७२ पेशवे होते, म्हणजे सालही जुळलं. वर्गात कुजबुज झाली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. अरबी आकडे तर आपले घरचेच!

टेबलाच्या टोकाला बसलेली एक मुलगी मोडीत सगळ्यांत पुढे होती. उर्दूचं तिला अक्षर येत नव्हतं. ती कागदावर वाकून डावा रकाना भरत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सर, मला ते सितैन दिसत नाही. 'खमस'चा स एकदाच आहे. पुढे 'ति' आहे, मग 'सै'."

मी पुन्हा पाहिलं. अक्षरं सलग होती: ख, म, स, ति, सै, न. माझ्या डोळ्यांनी एक स दोनदा मोजला होता आणि पुढची अक्षरं उलटी लावली होती. सितैन नव्हतं ते. तिसैन होतं. अरबी तिसईन, म्हणजे नव्वद. ११९५ अधिक ६००: १७९५. तीस वर्षांचा फरक.

"आणि सर," ती पुढे म्हणाली, "वर 'कैलासवासी माधवराव पंडित प्रधान यांचे वेळेस' असं आहे. १७६५ साली ते जिवंत होते ना?"

थोरले माधवराव वारले नोव्हेंबर १७७२ मध्ये. कागदात एक माधवराव कैलासवासी आणि दुसरे हयात, हे सवाई माधवराव. नाव एकच, पेशवे दोन. पहिल्या दिवशी फळ्यावर 'सितैन' लिहून शिकवणारा मीच, आणि तोच शब्द नसलेल्या जागी मला दिसला. उजवा रकाना मी डाव्याच्या आधी भरला होता. मी मुलांसमोर तसं सांगितलं आणि फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. पुढे मोडक जंत्री काढून तारीख बसवली. मोडक जंत्री पेशवाईच्या काळाला उपयोगी, शिवकाळासाठी खरे जंत्री. तारीख एप्रिल १७९५ च्या पहिल्या पंधरवड्यातली निघाली.

आता सालाचा अर्थ बदलला. ११ मार्च १७९५ ला खर्ड्याची लढाई झाली, पेशव्यांचं सैन्य आणि निजाम समोरासमोर. त्यानंतर महिन्याभरात पेशव्यांचा एक कारकून एका दर्ग्याच्या जमिनीचा कागद लिहीत होता आणि तारखेला रमजान घालत होता. मुलांना यातून लगेच मोठं वाक्य काढायचं होतं. एक जण म्हणाला, "म्हणजे तेव्हा भेदभाव नव्हताच!" मी त्याला थांबवलं. एका कागदावरून एवढंच म्हणता येतं की या एका दर्ग्याचं चालत आलेलं इनाम त्या वर्षी पुढे चालवलं गेलं. का चालवलं? श्रद्धा असेल, दफ्तराची शिस्त असेल, पूर्वीपासून चालतं ते मोडू नये हा कारभाराचा रिवाज असेल. आणखी पन्नास कागद पाहा, मग बोला. 'तेव्हा सगळं गोड होतं' हे वाक्यसुद्धा उजव्या रकान्यातलंच आहे, 'तेव्हा सगळा जुलूम होता' याच्यासारखं.

पुढच्या शनिवारी पूर्ण वाचन झालं. जमीन दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी, उदाफुलांसाठी आणि उरसाच्या खर्चासाठी होती. ती पादशाही वेळेपासून चालत आलेली, थोरल्या माधवरावांच्या वेळेस चाललेली, ती पेशजीप्रमाणे पुढे चालवावी असा हुकूम. म्हणजे घरातली आठवण अगदीच खोटी नव्हती, पेशव्यांच्या आधीची एखादी पादशाही तिच्या मुळाशी होतीच. पण ती आलमगीरची, असं कागद म्हणत नव्हता. आणि जमीन पूर्वजाच्या नावची नव्हती. सेवेसाठी होती. पूर्वज ती सेवा करणारा मुजावर होता.

मुलाने हे घरी सांगितलं. रविवारी त्याचे चाचा माझ्या घरी आले. चहा घेतला. मग म्हणाले, "मास्टर, हमारे बुजुर्गां आलमगीर की सनद बोलके गए. तुम मोडी पढके उसकू दर्गे की बत्ती बना दिए." आवाजात राग कमी, दुखावलेपण जास्त होतं. त्या जमिनीबद्दल घरात काही चर्चा चालली होती, तेही लक्षात आलं. मी म्हणालो, "चाचा, मी काही बनवलं नाही. जे लिहिलंय ते वाचलं. तुमच्या बुजुर्गांनी दोनशे वर्षं दिवा लावला, ही इज्जत कमी आहे का?" ते म्हणाले, "इज्जत से पेट नै भरता." आणि कागद मागून घेतला. मुलाने प्रबंधिकेत त्याचा उल्लेख करू नये, असंही सांगून गेले.

सातव्या शनिवारी वर्गात वाद झाला. आपल्याकडे फोटो आहे, वाचन आहे, मग वापरायला काय हरकत? मी म्हणालो, कागद त्यांचा आहे. परवानगी वाचण्याची होती, छापण्याची नव्हती. खाजगी कागदावर काम करणाऱ्याला हा नियम मोडीच्या बाराखडीइतकाच पक्का हवा. एकदा विश्वास गेला की त्या गावातली दुसरी पेटी कधीच उघडत नाही. मुलगा गप्प बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी विषय बदलतो, सर. आमच्याच तालुक्यातल्या दर्ग्यांची इनामं घेतो, पण सरकारी दफ्तरातून. तिथे कुणाच्या चाचांची परवानगी लागत नाही." सगळे हसले. त्याने पुण्याच्या दफ्तरात अर्ज केला आहे.

मुस्लिम संशोधक कुठे आहेत, या प्रश्नाला दिलेलं नाव त्या दिवशी मी पुन्हा घेतलं: आसफ अली असगर फैजी. जन्म १८९९, मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य, मुस्लिम कायद्याचे मोठे अभ्यासक, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत. ते सुलेमानी बोहरा समाजातले. इस्माइली ग्रंथ पिढ्यान् पिढ्या घराघरांत जपून ठेवायचे, बाहेरच्याला दाखवायचे नाहीत, अशी तिथली रीत. फैजींनी आपल्या घरच्या हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. १९६५ साली मुइज्ज गोरियावाला यांनी केलेली त्याची वर्णनात्मक सूची विद्यापीठाने छापली. जो ग्रंथ कुलपात होता, तो आता कुठल्याही धर्माचा, कुठल्याही देशाचा विद्यार्थी मागवून वाचू शकतो.

हे ग्रंथालय म्हणजे राजाबाई टॉवरचं. प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याच्या देणगीतून उभं राहिलं, मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव. तिथल्या अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ साली निघाली, ती केली शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी. अशी सूची करायची म्हणजे प्रत्येक पोथी उघडायची, कर्ता कोण, नकल करणारा कोण, पानं किती, सुरुवात आणि शेवट कुठल्या शब्दांनी होतो, आणि शेवटच्या तरकीम्यात, म्हणजे मराठीत पुष्पिकेत, नकलेची तारीख काय, हे नोंदवायचं. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण अशी सूची नसेल तर ग्रंथालयातली पोथी आणि पेटीतला कागद सारखेच. आहेत, पण कुणाला सापडत नाहीत.

चाचांवर माझा राग नाही. फैजींचं घर आणि चाचांचं घर यांत फरक आहे. एकाला ग्रंथ देऊन टाकणं परवडत होतं. दुसऱ्याकडे त्या कागदाशिवाय अभिमानाची दुसरी वस्तू नाही, आणि जमिनीवर पोट आहे. आपल्याला रोज कुणीतरी विचारतं, तुम्ही इथले कधीपासून? अशा वेळी माणूस मोठ्यात मोठ्या बादशहाचं नाव हाताशी ठेवतो. पण मला वाटतं, त्या प्रश्नाला आलमगीरच्या नावापेक्षा तो फाटका मोडी कागदच चांगलं उत्तर देतो. पादशाही गेली, छत्रपती आले, पेशवे आले, आणि त्या सगळ्यांच्या काळात एक घर एका गावात दिवा लावत राहिलं. मात्र हे उत्तर वापरायचं तर कागद जे जे म्हणतो ते सगळं मान्य करावं लागतं. आपल्या सोयीची ओळ घेऊन अडचणीची सोडता येत नाही. जमीन आपली नव्हती, दर्ग्याची होती, हेही त्यातच आलं.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी जुने कागद असतील, मोडी असोत की फारसी, तर त्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. घडी हळू उघडून कोऱ्या, स्वच्छ कागदात सपाट ठेवा, ओल आणि वाळवीपासून जपा. चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण पाठीमागच्या शेऱ्यात बऱ्याचदा खरी गोष्ट असते. आणि तो कागद कुणाकडून, कधी घरात आला याची जी आठवण सांगतात, ती वेगळी लिहून ठेवा. ती चुकीची निघाली तरी फेकू नका. आठवण का बदलली, हाही इतिहासच आहे.

आणि घरातलं कुणी पदवीला इतिहास घेत असेल तर त्याला मोडी शिकायला पाठवा. उर्दू त्याला येतच असेल. ती त्याची अर्धी किल्ली आहे.

आठ शनिवार संपले. ती मुलगी आता रविवारी सकाळी आमच्या घरी अलिफ-बे शिकायला येते. तासाभराने वही बंद झाली की मी माझं मोडी वाचन तिच्यापुढे तपासायला ठेवतो. मागच्या रविवारी तिने तीन चुका काढल्या.